वरातीच्या घोडीचा तबेला एकदा आत जाऊन बघा

संपादक साहेब, नमस्कार.

तुळशीचं लग्न झालं की आपल्या इंदुरात वरातींचा सीझन सुरू होतो, रोज रात्री एक तरी सजवलेली घोडी आमच्या घरावरून जातेच. ती नंतर कुठे जाते ते मी मागच्या आठवड्यात बघून आलो आणि तेव्हापासून मन लागत नाहीये. पत्र्याची बुटकी शेड, त्यात चार घोड्या, दोरी इतकी आखूड की आडवं होता येत नाही, खाली भुसा ओलाचिंब आणि मुताच्या वासानं माझ्या डोळ्यात पाणी आलं.

माझे आजोबा होळकरांच्या पागेत मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, होते. ते सांगायचे, सकाळी पागेत गेलं की खरारा (घोड्याचं अंग घासायचा ब्रश) हातात घ्यायच्या आधी खाली उकिडवं बसायचं आणि श्वास घ्यायचा. कारण आपलं नाक वर असतं, घोडं बसलं की त्याचं नाक भुशाला लागतं, आणि मुतातून निघणारा अमोनिया तिथेच साचतो. तोच रोज ओढून घोड्याला खोकला धरतो. आणि घोडं उभ्यानं झोपतं म्हणतात ना, ती नुसती डुलकी हो, गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवं व्हावंच लागतं. आखूड दोरीनं तासन्‌तास बांधून ठेवणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही गुन्हा आहे.

मालक वाईट माणूस नाहीये, तो स्वतः तिथेच खाटेवर झोपतो. पण ओला भुसा रोज काढायचा, छताखाली दोन्हीकडे हातभर जागा हवेला सोडायची, पत्र्याचे खिळे ठोकून घ्यायचे (घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो), सुक्या गवतावर लोंबणारी बल्बची वायर काढायची, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. बाहेरून आलेल्या घोड्यालाही त्याच टबातलं पाणी, ग्लँडर्ससारखा रोग असाच पसरतो आणि तो माणसालाही होतो.

२०१७ पासून आपण स्वच्छतेत पहिला नंबर मिरवतोय, तर लग्नाच्या सीझनमध्ये तबेल्यांची लीद उचलायला एक वेगळी गाडी द्या आणि महिन्यातून एकदा जनावरांचा डॉक्टर पाठवा एवढीच महापालिकेला विनंती आहे. भाचीचं लग्न फेब्रुवारीत ठरलंय, जावईबापूंसाठी घोडी बुक करायच्या आधी मी तिचा तबेला बघणार आहे, खाली उकिडवं बसून.

एक वाचक, रामबाग, इंदूर