मेस्त्रीकाकांना, एफसीच्या पंपाबद्दल

आदरणीय मेस्त्रीकाका,

सा. न. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "पुरे गो आता, ठेव" म्हणून कट करता. म्हणून लिहिते आहे, आणि तेही सगळ्यांसमोर. कारण गेल्या महिन्याभरात जुन्या पेट्रोल गाड्यावाल्या पाच जणांनी मला एकच विचारलं, "इंजिनाला पेट्रोल पुरवणारा कुठला पंप टाकलास?" नुसतं नाव सांगितलं तर ते बाजारात जाऊन तोच पंप उचलतील आणि मी केली तीच चूक करतील. तुम्ही मला नाव सांगितलंच नव्हतं. आधी हिशेब करायला लावला होता.

आमची एफसी तुम्ही पाहिलीच आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. महिंद्राची एफसी-१५०, छोटा ट्रक. मूळ गाडी अमेरिकेत विलीजने १९५६च्या अखेरीस आणली, नंतर महिंद्राने ती इथे बांधली. बाबांनी जामसंड्यात वापरलेली घेतली. आजूबाजूच्या जुन्या जिपांत एकेक करून डिझेल इंजिनं बसली, आमची मात्र पेट्रोलच राहिली. तेच २.२ लिटरचं हरिकेन इंजिन, ऐन तारुण्यात ७५ हॉर्सपॉवरचं. तेही केबिनच्या आत, दोन सीटांच्या मधोमध झाकणाखाली. मे महिन्यात बागेतून क्रेट भरून निघालं की ड्रायव्हरची डावी मांडी भाजून निघते. नांदगाव तिठा ओलांडून फोंड्याच्या दिशेने चढ लागला की गाडी खोकायची. मग उतरायचं, ओलं फडकं इंजिनावरच्या पंपावर टाकायचं आणि पेट्रोलची वाफ बसायची वाट बघायची. बाबांनी आयुष्यभर सीटमागे एक गोणपाट आणि पाण्याची कळशी ठेवली, ती यासाठी.

त्यात २०२३पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता तेच सगळीकडे मिळतं. कार्बोरेटरचे जुने रबरी भाग फुगू लागले, पावसाळ्यात टाकीत पाणी साचायला लागलं. शेवटी मी ठरवलं, हवेत पेट्रोल मिसळणारा तो कार्बोरेटर काढायचा आणि इंजेक्शन करायचं, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारायचं. या इंजिनाचा इनटेकचा, म्हणजे हवा आत जायचा मार्ग हेडमध्येच (इंजिनाच्या वरच्या झाकणातच) ओतलेला आहे, कार्बोरेटर सरळ हेडवर बसतो. चार सिलिंडरना चार इंजेक्टर लावायला वेगळा मॅनिफोल्डच (हवेच्या नळ्यांचा जोड) नाही. त्यामुळे कार्बोरेटरच्या जागी एकच थ्रॉटल बॉडी (हवेची झडप असलेला भाग), तिच्यातच इंजेक्टर. एवढं मला वाचून कळलं होतं.

पंपाचं मात्र कळलं नव्हतं. जुना पंप चारपाच पीएसआय दाबाच्या वर जात नाही आणि माझ्या थ्रॉटल बॉडीला ३ बार, म्हणजे साधारण ४३ पीएसआय लागतात, हे ठाऊक होतं. बाहेरच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, मोठा घ्या, पुढे त्रास नको. मी ताशी २५५ लिटरचा इनलाइन, म्हणजे टाकीबाहेर नळीत बसणारा, पंप ऑनलाइन मागवला. त्याने तो इंजिनाजवळ, टाकीपेक्षा वरच्या बाजूला बसवून दिला. सकाळी गाडी झकास चालली. दुपारी पंप मांजरासारखा केकाटू लागला आणि फोंड्याच्या अलीकडे गाडी उभी. नव्या पंपावर मी बाबांचं गोणपाट टाकलं तेव्हा रस्त्याच्या कडेला बसून रडू आलं होतं, हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

विजयदुर्गच्या जेटीवर तुमच्याकडे मला भावाने पाठवलं. "ते आउटबोर्डवाले, होडीमागे लावायची इंजिनं दुरुस्त करणारे, ट्रकाचं त्यांना काय कळणार?" असं मी त्याला म्हटलं होतं. माफ करा. तुम्ही एका मशिनचा प्रोपेलर काढत होतात, मान वर न करता म्हणालात, "पंप खंयचो ता मगे. आधी माका तीन गोष्टी सांग. गाडी पिता किती? टाकी खंय आसा? आणि उरलेला परत जाता खंय?"

मला तिन्ही सांगता आल्या नाहीत.

पहिल्या प्रश्नाचा हिशेब तुम्ही जेटीच्या कट्ट्यावर खडूने मांडलात. पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना एका हॉर्सपॉवरला तासाला अर्धा पौंड इंधन धरायचं. ७५ हॉर्सपॉवरला साडेसदतीस पौंड, म्हणजे १७ किलो. पेट्रोलचं एक लिटर पाऊण किलोच्या आतबाहेर, म्हणजे तासाला २३ लिटर. इथेनॉलमुळे थोडं जास्त लागतं, म्हणून २५. त्यावर दीडपट सवलत ठेवली तरी चाळिसाच्या आत. आणि मी आणलेला २५५चा! शिवाय तुम्ही त्या खोक्यावर बोट ठेवून विचारलंत, "बाये, हो आकडो खंयच्या दाबार लिवलेलो आसा?" मी खोकं उलटंसुलटं केलं. दाब लिहिलेलाच नव्हता. मोकळ्या तोंडाने पंप जितकं ओततो तितकं तो ३ बारवर ओतत नाही. दाब वाढला की प्रवाह घटतो, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट समजलं.

मोठा पंप असला तर बिघडलं काय, जास्तीचं परत जाईल, असं मी म्हणाले. परत जाईल, पण गरम होऊन. आमच्या ४० लिटरच्या टाकीतलं सगळं पेट्रोल तो दहा मिनिटांत एकदा त्या तापलेल्या केबिनमधून फिरवून आणणार आणि दर फेरीला थोडं आणखी तापवणार. रिटर्नची नळी बारीक असेल तर दाब ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरलाही तो खाली धरता येणार नाही. वर करंट जास्त खाणार, आणि आमचा डायनॅमो आयडलवर कसाबसा हेडलाइट पेटता ठेवतो.

पण मला खरं पटलं ते पिचकारीने. बैलाला औषध पाजायची ती मोठी प्लास्टिकची सिरिंज तुम्ही आतून घेऊन आलात. उन्हात ठेवलेल्या बाटलीतलं थोडं पेट्रोल तिच्यात ओढलंत, तोंडावर अंगठा दाबला आणि दट्ट्या सावकाश मागे खेचलात. आत बुडबुडेच बुडबुडे, चहाला आधण यावं तसे. दट्ट्या सोडल्यावर ते गायब. "बघितलंस? गरम पेट्रोल ओढलंस काय उकळता. ढकललंस तर गप जाता." माझा पंप टाकीच्या वर बसून दिवसभर ओढतच होता. केकाटत होता तो पंप बिघडला म्हणून नव्हे, त्याच्या पोटात वाफ जात होती म्हणून. आणि हे पंप आतून जाणाऱ्या पेट्रोलनेच थंड राहतात, वाफ गेली की जळायलाच बसले. बाबांच्या गोणपाटामागचं शास्त्रही हेच होतं, हे तेव्हा कळलं.

मग टाकी. पंप टाकीत बुडवावा हे उत्तम, पण आमच्या जुन्या टाकीला भोक पाडायचं, वेल्डिंग करायचं, या विचारानेच माझ्या आईला घाम फुटला होता. रिकाम्या पेट्रोलच्या टाकीत उरलेली वाफच जास्त घातक, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. तुम्ही फळीखालून एका खराब झालेल्या इंजेक्शनवाल्या आउटबोर्डचा मुठीएवढा ॲल्युमिनियमचा डबा काढलात. आत फ्लोट, सुई आणि एक इवलासा पंप. होडीतल्या टाकीतून कमी दाबाचा पंप पेट्रोल आणून या डब्यात भरतो, डब्यात बुडालेला दुसरा पंप ते दाबाने इंजेक्टरला देतो, वाफ वरून निघून जाते. होड्यांचा प्रश्न आमच्याच जातीचा. टाकी लांब, इंजिन तापलेलं, वर लाटांचे हेलकावे. घाटातल्या वळणांवर आमच्या टाकीतलं पेट्रोलही एका कोपऱ्यात जातं.

म्हणजे माझा इंजिनावरचा जुना पंप काढायचाच नव्हता! त्याने दोन लिटरचा छोटा डबा भरायचा, एवढंच त्याचं काम. दाबाचा पंप त्या डब्यात. आणि इथे मोठा पंप आणखीच वाईट ठरला असता, कारण २५५चा पंप दोन लिटर अर्ध्या मिनिटाच्या आत फिरवून काढतो.

आता त्या पाच जणांसाठी, नाव. जिप्सी. मारुतीच्या इंजेक्शनवाल्या जिप्सीचं १३०० सीसीचं इंजिन ८० हॉर्सपॉवरचं, दाब ३ बारच्या आसपास. आमची ७५, दाब तोच. तुमचं म्हणणं, ज्या कंपनीने ८० घोड्यांना पुरेल असा पंप निवडून लाखो किलोमीटर चालवला, तिचा हिशेब आपल्यापेक्षा पक्का. शिवाय देवगडात नाही मिळाला तर कणकवलीत मिळतो. पण ज्याची गाडी १५० हॉर्सपॉवरची आहे किंवा ज्याचं इंजेक्शनचं किट ४ बार मागतं, त्याने जिप्सीचा पंप घेऊ नये. खडू घेऊन आधी आपला हिशेब मांडावा.

बाकीचं काम पटपट झालं. डबा स्टेनलेस स्टीलचा, चासीला बाहेरून, सायलेन्सरच्या उलट बाजूला. ओसंडलेलं पेट्रोल आणि वाफ मुख्य टाकीत जायला फिलरची नळी सुटी काढून तिला निप्पल ब्रेझ केलं, टाकीला ज्योत लागली नाही. जुन्या पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) इथेनॉल सोसणारा घातला, कारण तो फाटला तर पेट्रोल सरळ ऑइलमध्ये उतरतं. नळ्यांवरून तुम्ही माझ्यावर ओरडलात ते बरोबरच होतं. कार्बोरेटरची नळी ३ बारला टिकत नाही, आणि डब्यात बुडून राहणारी नळी आणखी वेगळी, तिच्यावर ३० आर १० छापलेलं असतं. साधी नळी आत फुगून मऊ पडते. क्लिपाही कापणाऱ्या पट्टीच्या नव्हेत, गोल काठाच्या.

गाडी सुरू झाली, मी पेढे आणायला निघाले, तर तुम्ही "थांब" म्हणालात. रिटर्नची नळी मापाच्या भांड्यात सोडून तीस सेकंद पंप चालवायला लावलात. ५५० मिली. म्हणजे तासाला ६६ लिटर, आम्हाला पुरेसे. मी खूश. तुम्ही मीटर पंपाच्या टर्मिनलला लावलात, १०.४ व्होल्ट. बॅटरीवर १२.३. मधले दोन व्होल्ट जुन्या वायरीने आणि खारट हवेने हिरव्या पडलेल्या कनेक्टरांनी खाल्ले होते. पावसात वायपर, हेडलाइट आणि हॉर्न एकदम चालू झाल्यावर काय उरलं असतं? बॅटरीपासून सरळ अडीच स्क्वेअर एमएमची वायर, फ्यूज, रिले, चासीला स्वच्छ घासून अर्थ. पुन्हा तीस सेकंद. ७५० मिली. पंप तोच, ताशी ९०.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. इंजिन बंद पडलं की ईसीयू (इंजेक्शनचा कॉम्प्युटर) पंप बंद करतो, तेवढं पुरे, असं तुमचं म्हणणं. धक्का बसला की करंट तोडणारा इनर्शिया स्विच मी तरीही बसवला. समुद्रात कोण येवन ठोकतलो, हे खरं. मुंबई-गोवा हायवेवर कोणीही ठोकतो, आणि आमचं इंजिन दोन सीटांच्या मध्ये आहे.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी एक वाजता, पूर्ण लोड घेऊन फोंडा घाट चढले. मुद्दाम तीच वेळ निवडली होती. दाजीपूरला पोहोचेपर्यंत एकदाही खोकली नाही. वर थांबून डब्याला हात लावून पाहिला, कोमट होता, हात ठेवता येत होता. दाबाच्या मीटरचा काटा ३ बारवर स्थिर. तिथूनच तुम्हाला फोन केला आणि तुम्ही तो ठेवलात.

तीन संध्याकाळींचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. "आंबे दी दोन डझन, कॅनिंगचे असले तरी चलतत," म्हणालात. कॅनिंगचे तुम्हाला देणार नाही, काका. पहिल्या दर्जाच्या दोन पेट्या भावाबरोबर पाठवल्या आहेत, गवतात भरलेल्या, चार दिवस तशाच ठेवा. खालच्या पेटीत तुमची पिचकारी आहे, गडबडीत माझ्याबरोबर आली होती. धुतली आहे, तरी बैलासाठी नवीनच घ्या.

आपली,
जामसंड्याची एफसीवाली