दोन चर्च, एक वेदी... सिस्टर, मनापासून थँक्यू

प्रिय सिस्टर,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. आपले दोन धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एकेका चर्चचा भाविक-समुदाय) एक झाले ते बिशपांच्या आदेशाने, तो अधिकार त्यांचाच, पण आदेशाने रजिस्टर एक होतं, माणसं लगेच एक होत नाहीत. ते काम तुम्ही केलंत.

आमचं चर्च बंद होणार कळल्यावर मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, वेळा आम्ही पटकन मान्य केल्या, पण मूर्तींवर येऊन सगळं अडलं. दोन्हीकडे मारियामाता, दोन्हीकडे संत योसेफ, आणि नियम असा की एका चर्चमध्ये एका संताची शक्यतो एकच प्रतिमा असावी. मग कुणाची ठेवायची? ज्यांच्या आईने, आजीने आयुष्यभर त्या मूर्तीसमोर रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हटली त्यांना "नियम आहे" म्हणून तुम्ही गप्प नाही केलंत, एकेकाजवळ बसून ऐकलंत आणि मग मारियामाता तिकडची, योसेफ आमचा असं सगळ्यांच्या संमतीने ठरलं. उरलेल्या दोन्ही मूर्तींना हॉलमध्ये आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मानाची जागा मिळाली, त्यासाठी वेगळे आभार.

आमच्या जुन्या वेदीसाठी तर तुम्ही किती धावपळ केलीत! चर्च बंद झालं म्हणून वेदीचा अभिषेक, म्हणजे विधीने आलेलं पावित्र्य, जात नाही, ती फक्त उपासनेसाठीच वापरायची, हे तुम्ही चर्चच्या कायद्याचं कलम दाखवून समजावलंत, म्हणून ती आज छोट्या चॅपलमध्ये आहे आणि रोजची मिस्सा तिच्यावर होते. आमच्या म्हाताऱ्या माणसांना याचा किती आधार वाटला ते शब्दांत नाही सांगता येत.

नावाचंही तसंच. अभिषेक झालेल्या चर्चचं नाव असं बदलता येत नाही, पण एकत्र झालेल्या धर्मग्रामाला नवं नाव देता येतं, हे रोमने 1999 मध्येच स्पष्ट केलंय, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. तिकडच्या चर्चचं नाव तसंच राहिलं आणि धर्मग्रामाला तिसरं, दोघांचं मिळून नाव मिळालं. आपण त्यांच्यात "गेलो" ही भावना माझ्या मनातून तेव्हा गेली.

आणि पुण्य शनिवारची, ईस्टरच्या आदली रात्र! दोन्ही चर्चमधलं पाणी दोन्हीकडच्या मुलांनी घागरीतून आणून एकाच बाप्तिस्मा कुंडात ओतलं, मग त्यावर आशीर्वाद झाला आणि पास्काची, म्हणजे ईस्टरची मोठी, मेणबत्ती त्यात बुडवली. ही मेणबत्ती दरवर्षी नवीन असते, तिच्यावर क्रूस, आल्फा आणि ओमेगा ही ग्रीक अक्षरं आणि त्या वर्षाचे आकडे कोरतात, म्हणजे ती "तुमची"ही नाही आणि "आमची"ही नाही, हे तुम्ही आधीच्या मीटिंगमध्ये बोललात तेव्हा हॉलमधला आवाज एकदम खाली आला होता. पवित्र तेलाचंही तुम्हीच लक्षात आणून दिलंत, बिशप एकाच मिस्सेत ते आशीर्वादित करतात आणि तेच सगळ्या धर्मग्रामांत जातं, म्हणजे या दोन चर्चमधल्या मुलांच्या कपाळावर आधीपासून एकच तेल लागत होतं. मला वाटतं मूर्तींची वाटणी करून आम्ही फार तर समजुतीने राहिलो असतो, एक झालो ते या पाण्याने, तेलाने, ज्योतीने, कारण त्यावर कुणालाच हक्क सांगता येत नाही.

आता आमच्या चर्चची घंटा कुठे बसवायची ते ठरायचंय. पुढच्या मीटिंगला तुम्ही याच सिस्टर, आम्ही दोन्हीकडचे मिळून बोलावतोय.

तुमचीच,
आता एकाच धर्मग्रामातली एक बाई