वूड बंधूंची २१ क्रमांकाची गाडी

रोआनोक, व्हर्जिनिया
५ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे, जेवण वेळेवर होते आणि थंडीचे कपडे पुरेसे आहेत. मार्टिन्सव्हिल गावच्या मोटारशर्यतीचे फोटो पाहून आई घाबरली असे मीनलने कळवले, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. आई, मी शर्यतीत गाडी चालवत नाही आणि चालवणाऱ्यांच्या आसपासही जात नाही. गाड्या आणि प्रेक्षक यांच्यामध्ये पक्की भिंत असते, भिंतीवर उंच जाळी असते आणि मी वरच्या रांगेत बसतो. तिकीट मी स्वतःच्या खर्चात काटकसर करून काढतो. घरी पाठवायच्या पैशांना त्यासाठी कधीही हात लावलेला नाही.

फोटोत माझ्या कानांवर जे मोठे यंत्र दिसते ते बहिरेपणाचे नाही. इथे शर्यतीला येणारे बरेच लोक स्कॅनर नावाची एक पेटी बरोबर आणतात किंवा मैदानाबाहेर भाड्याने घेतात. प्रत्येक चालक रेडिओवरून आपल्या माणसांशी सतत बोलत असतो आणि ते बोलणे कोणीही ऐकावे अशी इथे उघड मुभा आहे. कोणत्या क्रमांकाच्या गाडीचे बोलणे कोणत्या लहरीवर लागते याची यादी मिळते. मग आजोबा एका गाडीचे ऐकतात, नातू दुसऱ्या गाडीचे ऐकतो आणि चालक उजवे पुढचे चाक घसरते अशी तक्रार करू लागला की रांगेतली माणसे एकमेकांना खुणा करतात. स्पॉटर म्हणून एक माणूस सर्वांत उंच जागी उभा राहून चालकाला मागून कोण येते, डावीकडे जागा आहे की नाही, हे सांगत असतो. तेही ऐकू येते. एवढ्या आवाजात शेजाऱ्याशी बोलता येत नाही, तरी हजारो माणसे दुसऱ्याच्या कामाचे बोलणे तीन-तीन तास तन्मयतेने ऐकतात. सुरुवातीला मला हे अगदी अनाकलनीय वाटले होते. आता मात्र मीही २१ क्रमांकाची लहर लावून बसतो.

बाबा, मला या गाड्यांत एवढे काय दिसते, असे तुम्ही फोनवर विचारलेत. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहितो. ही २१ क्रमांकाची गाडी वूड बंधूंची आहे. मार्टिन्सव्हिलपासून पन्नासेक किलोमीटरवर, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी स्टुअर्ट नावाचे जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव आहे. तिथल्या ग्लेन, लिओनार्ड, डेलानो, क्ले आणि रे ली या पाच भावांनी १९५० मध्ये हा संघ उभा केला आणि नॅस्कारच्या (ही अमेरिकेतली मोटारशर्यती भरवणारी संस्था) शर्यतींत आजही धावत असलेल्या संघांत तो सर्वांत जुना आहे. ग्लेन लाकूडतोडीचा धंदा करायचे. भाऊ दिवसा पोटापाण्याचे काम करून रात्री गाडीला हात लावत. त्यांची पहिली जुनी फोर्ड शर्यतीत मार खाऊन मोडली आणि ओढून घरी नेताना वाटेतच पेटली. त्यांनी तीच दुरुस्त करून पुन्हा उतरवली. तेव्हापासून आजपर्यंत त्यांनी फोर्ड कंपनीच्या गाड्यांखेरीज दुसरी गाडी धरलेली नाही.

तुम्हाला आणि काकांना सर्वांत आवडेल ती गोष्ट त्यांच्या चालकांची नाही, पान्हा धरणाऱ्यांची आहे. त्या काळी चाके बदलायला थांबलेली गाडी मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक वेळ उभी राही आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. लिओनार्ड यांनी ओळखले की रस्त्यावर जिवाची बाजी लावून जे दोन सेकंद मिळतात, तेच उभ्या गाडीपाशी कोणताही धोका न पत्करता मिळवता येतात. त्यांनी जॅक हलका करून घेतला आणि कमी दाबांत गाडी उचलली जाईल अशी त्याची रचना बदलली. जॅक डेलानोने धरायचा, चाके कोणी काढायची, पेट्रोल कोणी ओतायचे, हे ठरवून दिले आणि त्याचा सराव केला. आज सर्व संघ दहा सेकंदांच्या आसपास चारही चाके बदलतात, त्या विद्येचा पाया या कारखान्यात घातला गेला. १९६५ मध्ये फोर्ड कंपनीने त्यांना इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीला पाठवले. तिथे जिम क्लार्क हा स्कॉटिश चालक लोटस-फोर्ड चालवत होता. गाडी त्यांच्या ओळखीची नाही, शर्यतही नवी. तरी दोन थांब्यांत मिळून गाडी पाऊण मिनिटाच्या आसपासच उभी राहिली आणि क्लार्क २०० पैकी १९० फेऱ्या आघाडीवर राहून जिंकला. आपल्या उद्यमनगरातल्या लेथवरच्या माणसाला जे कौतुक वाटावे ते हेच आहे, असे मला मनापासून वाटते.

त्यांची माणुसकीही सांगण्याजोगी आहे. १९६३ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोनाच्या ५०० मैलांच्या मोठ्या शर्यतीच्या (तिला डेटोना ५०० म्हणतात) थोडे आधी त्यांचा चालक मार्व्हिन पँच दुसरीच एक गाडी चालवून पाहत असताना ती उलटली आणि पेटली. ज्यांनी आगीत शिरून त्याला बाहेर काढले त्यांत टायनी लंड हा चालक होता, ज्याच्याकडे तेव्हा स्वतःची गाडीही नव्हती. पँचने रुग्णालयातून वूड बंधूंना निरोप पाठवला की माझी गाडी लंडला द्या. त्यांनी दिली, आणि लंडने चाके एकदाही न बदलता ती शर्यत जिंकली.

१९७३ मध्ये डेव्हिड पिअर्सन हा चालक त्यांच्या गाडीत १८ शर्यती धावला आणि ११ जिंकला. १९७६ च्या डेटोना ५०० मध्ये शेवटच्या वळणावर तो आणि त्याचा प्रतिस्पर्धी रिचर्ड पेटी एकमेकांवर आदळले आणि दोघांच्याही गाड्या गरगर फिरल्या. पिअर्सनने क्लच दाबून इंजिन चालू ठेवले, पेटी कुठे आहे हे रेडिओवर विचारले आणि मोडकी गाडी सावकाश रेषेपार नेली. पेटीची गाडी रेषेच्या अलीकडे गवतात बंद पडली होती. तीन वर्षांनी डार्लिंग्टनच्या शर्यतीत चाके बदलायला थांबला असताना मात्र ऐकण्यातल्या गफलतीने पिअर्सन चाकांचे नट आवळण्याआधीच निघाला, चाके निखळली आणि त्यानंतर लवकरच त्यांची वाट वेगळी झाली.

पुढचा काळ कठीण होता आणि तोच मला जास्त मोलाचा वाटतो. मोठे भांडवल आले, एकेका मालकाच्या तीन-चार गाड्या धावू लागल्या आणि वूड घराण्याकडे एकच गाडी उरली. २००९ पासून काही वर्षे त्यांना सगळ्या शर्यतींत उतरणेही परवडेना. त्यातच २०११ मध्ये ट्रेव्हर बेन या पोराने, विसावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांना पाचवी डेटोना ५०० जिंकून दिली. २०१६ मध्ये कायम प्रवेशाचे परवाने वाटले गेले, तेव्हा मधली वर्षे पूर्ण धावले नाहीत म्हणून सर्वांत जुन्या संघालाच परवाना मिळाला नाही. त्यांनी संघ मोडला नाही. रॉजर पेन्स्की यांच्या मोठ्या संघाची तांत्रिक मदत घेतली आणि घराचे नाव राखले. ग्लेन यांच्या पत्नी बर्नीस हिशेबाच्या वह्या सांभाळत, पुढे एडी, लेन आणि किम या मुलांनी कारभार घेतला आणि आता नातवंडे त्यात आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये डेटोनाला हॅरिसन बर्टनने त्यांना शंभरावा विजय दिला. पुढच्या वर्षी त्याला ठेवणार नाही हे त्याला आधीच कळलेले होते, तरी तो असा धावला. त्याचे वडील तेव्हा दूरचित्रवाणीवर समालोचन करत होते. यंदा मार्चमध्ये लास व्हेगासला जोश बेरीने १०१ वा विजय मिळवला.

बाबा, वर्कशॉपच्या वाटणीविषयी मी बोलणे तुम्हाला आवडणार नाही हे मी जाणतो, आणि जो माणूस तिथे नाही त्याने बोलू नये हे काकांचे म्हणणे रास्तच आहे. तरी एवढेच विनवतो की मीनलचे लग्न होईपर्यंत कागदांवर सह्या करू नका. मोठ्या कारखान्याचे काम जोडीने घेण्याचा दादाचा विचार तुम्हाला कमीपणाचा वाटतो, पण तो मला पटतो. नव्या लेथच्या कर्जाचे पुढचे सहा हप्ते मी भरीन. दादा रात्रपाळी करतो आणि मी इथे शर्यती पाहतो, असे कोणी म्हणाले तर त्याला काही उत्तर देऊ नका.

मीनलच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. रजा आहे, पण व्हिसाची कागदपत्रे अडकलेली असताना देशाबाहेर जाणे धोक्याचे आहे असे वकिलांनी सांगितले आहे. लग्नाला नक्की येईन. दोन लाख रुपये सोमवारी आईच्या खात्यात जमा होतील. त्यातले दागिन्यांचे आईने ठरवावे आणि हॉलची आगाऊ रक्कम त्यातूनच द्यावी, काकांकडे मागू नये. गडहिंग्लजच्या स्थळाविषयी मी टाळाटाळ करतो असे आईला वाटते, ते तसे नाही. मुलीची इकडे येण्याची मनापासून तयारी आहे का, हे तिलाच विचारू द्या. पुढच्या रविवारी तुमच्या रात्री आठ वाजता मी फोनवर असेन. त्यांना तसे कळवा.

काका-काकूंना नमस्कार, दादाला आणि मीनलला आशीर्वाद नको, नुसते प्रेम सांगा.

तुमचा,
सुहास