पास्त्याचे पाणी मोरीत ओतू नये

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांच्या पाककृतींच्या पानावर पास्ता येतो, तेव्हा त्याची रीत बहुधा ठरलेली असते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून पास्ता शिजवायचा, तो चाळणीत निथळून वरून गार पाणी ओतायचे, दुसऱ्या भांड्यात लोण्यावर मैदा परतून दुधाचा व्हाइट सॉस करायचा, तिसऱ्या भांड्यात चिकन शिजवायचे आणि शेवटी हे सगळे एकत्र करून त्यावर सढळ हाताने क्रीम व चीज घालायचे. हाताशी वेळ असलेल्या रविवारी ही रीत चालून जाते. परंतु कामाच्या दिवशी रात्री आठ-साडेआठला घरी पोचून नऊच्या सुमारास पाने वाढायची असतील, तर ती उपयोगाची नाही, आणि माझ्या मते चवीच्या दृष्टीनेही ती दुय्यमच आहे. चिकन, पास्ता आणि त्याचा मलईदार सॉस एकाच पातेल्यात, मोजक्या पाण्यात, एकत्र शिजवण्याची रीत आपण आपल्या पानावर मोजमापांसह सविस्तर छापावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्यासारख्या अनेक मराठी घरांत सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळले जातात, काहींचा मंगळवारही असतो. त्यामुळे रविवार सोडला तर चिकन शिजते ते बुधवारी आणि शुक्रवारी, म्हणजे नेमके कामाच्या दिवशी. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे किंवा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या आणि दोघेही नोकरी करणाऱ्या जोडप्यांची संध्याकाळ कशी जाते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आमच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. कांदा-खोबऱ्याचे वाटण, रस्सा, भात आणि पोळ्या असा साग्रसंगीत बेत त्या वेळी जमत नाही, आणि मग बाहेरून मागवण्याकडे कल होतो. एका पातेल्यातील पास्ता या अडचणीवरचा चांगला, पोटभरीचा आणि मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सर्वांना चावता येईल असा उपाय आहे. मात्र त्यामागचे कारण समजून घेतले नाही तर तो हमखास चिकट होतो किंवा तळाला लागतो, म्हणून आधी कारणाबद्दल लिहितो.

पास्ता गरम पाण्यात शिजत असताना त्यातील थोडा स्टार्च पाण्यात उतरतो. तापमान साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि पाण्याला दाटपणा आणतात. शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी हे इटालियन घरांतील रूढ प्रमाण धरले, तर अडीचशे ग्रॅमला अडीच लिटर पाणी लागते. एवढ्या पाण्यात तो स्टार्च पातळ होऊन जातो आणि निथळताना मोरीत जातो. त्यानंतर तोच दाटपणा परत आणण्यासाठी आपण मैदा, लोणी आणि जास्तीचे क्रीम घालत बसतो. हाच पास्ता सुमारे पाऊण लिटर पाण्यात चिकनबरोबर शिजवला, तर सगळा स्टार्च पातेल्यातच राहतो, चिकनच्या अंगच्या रसाशी आणि थोड्या स्निग्धांशाशी एकजीव होतो, आणि मैद्याची गरजच उरत नाही. आपण वरणफळे करतो तेव्हा फळे वेगळी उकडून त्यांचे पाणी फेकत नाही. ती उकळत्या वरणातच सोडतो आणि त्यांच्या पिठानेच वरण आळून येते. पास्त्याचेही तसेच आहे. शिवाय अडीच लिटर पाण्याला उकळी आणायला पाऊण लिटरच्या तिपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे वेळ आणि गॅस दोन्ही वाचतात, हा फायदा वेगळाच.

चार माणसांसाठी आमच्याकडे अडीचशे ग्रॅम पेने किंवा फुसिली (पास्त्याचे आखूड आकार), साडेतीनशे ग्रॅम बोनलेस चिकन, एक मध्यम कांदा, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, सातशे मिलिलिटर गरम पाणी आणि शंभर मिलिलिटर फ्रेश क्रीम हे प्रमाण बसले आहे. भांडे रुंद आणि जाड बुडाचे हवे, चार-पाच लिटरचे असले तर उत्तम. अरुंद, उंच पातेल्यात वरचा पास्ता कच्चा राहतो आणि खालचा गळतो. स्पॅगेटीच्या लांब काड्या कमी पाण्यात एकमेकींना चिकटतात, म्हणून या कामाला आखूड आकारच घ्यावेत. एकीकडे पाणी किटलीत किंवा दुसऱ्या शेगडीवर तापत ठेवावे. पातेल्यात चमचाभर तेल चांगले तापवून इंचभराचे चिकनचे तुकडे एका थरात पसरावेत आणि लगेच हलवू नयेत. तीन-चार मिनिटांत खालची बाजू तांबूस झाली की उलटावेत. तळाला जी तपकिरी खरपूड धरते, ती घासून काढून टाकण्याची वस्तू नव्हे, सगळी चव तीत असते. त्यावर बारीक चिरलेला कांदा आणि लसूण घालून मऊ होईपर्यंत परतावा, मग गरम पाणी ओतून उलथण्याने तळ खरवडून घ्यावा, म्हणजे ती खरपूड पाण्यात विरघळते.

आता पास्ता, मिरपूड आणि मीठ घालून तो पाण्याखाली बुडेल असा सारखा करावा. मिठाबाबत विशेष काळजी घ्यावी लागते, कारण भरपूर पाण्याच्या रीतीत बहुतेक मीठ निथळलेल्या पाण्याबरोबर निघून जाते, इथे मात्र घातलेला कण न् कण पोटात जातो. चौघांना मिळून एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण पाच-सहा ग्रॅम, पुरेसे होते. पुढे चीज घालायचे असेल तर त्याहूनही कमी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सुचवले आहे, हे लक्षात घेतले तर पाण्यात बाजारी स्टॉक क्यूब टाकण्याची सवय सोडणे बरे. त्याऐवजी घरात हाडांचे तुकडे असतील तर आदल्या रविवारीच त्यांचे अळणी पाणी काढून फ्रीझरमध्ये ठेवावे. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या घरांत लहान मुलांना देतात त्या अळणी पाण्याइतका चांगला स्टॉक विकत मिळत नाही.

उकळी आल्यावर आच मध्यमहून थोडी कमी करून झाकण किंचित उघडे ठेवावे आणि दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळावे. स्टार्च जड होऊन खाली बसतो आणि तिथेच लागतो, म्हणून या बारा-चौदा मिनिटांत ओट्यापासून लांब जाऊ नये. काकडी-टोमॅटोची कोशिंबीर मात्र तेवढ्यात सहज होते. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटे जास्त लागतात, आणि पाणी आटले पण पास्ता अजून टणक असेल तर अर्धी वाटी गरम पाणी वाढवता येते. कुकरमध्ये एका शिट्टीत पास्ता करण्याचा जो उपाय हल्ली सांगितला जातो, त्याच्या मी विरोधात आहे. स्टार्चचा फेस वर चढून वाफेच्या नळीत अडकू शकतो, आणि मधे झाकण उघडून पास्ता दाबून पाहण्याची सोयही राहत नाही.

चिकनचा कोणता भाग घ्यावा, यावर निकाल बराच अवलंबून असतो. ब्रेस्टमध्ये चरबी फारच कमी असते, त्यामुळे चौदा मिनिटे उकळत राहिल्यास त्याचे दोरे होतात. मांडीच्या बोनलेस तुकड्यांत चरबी आणि संयोजी ऊती अधिक असल्याने ते तेवढ्या वेळात उलट मऊ होतात. घरी ब्रेस्टच असेल तर तांबूस झालेले तुकडे ताटलीत काढून ठेवावेत आणि शेवटच्या चार-पाच मिनिटांसाठी पातेल्यात परत घालावेत. दोन्ही बाबतींत सर्वांत मोठा तुकडा कापून आतून गुलाबी नाही ना, हे पाहावे. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे त्यांनी ७४ अंश सेल्सिअस ही खूण धरावी.

मलईदारपणाचा सगळा भर क्रीमवर टाकला जातो, हे मला सर्वाधिक खटकते. आपल्याकडे मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण पंचवीस टक्के स्निग्धांश असतो, आणि असे क्रीम टोमॅटो किंवा लिंबू असलेल्या सॉसमध्ये घालून खळखळून उकळले की फाटते. आम्लामुळे आणि उष्णतेमुळे दुधातील प्रथिने गोळा होतात. म्हणून पास्ता जवळजवळ शिजला, पातेल्याच्या तळाशी दाटसर पाणी उरले, की आच बंद करावी, मिनिटभर थांबावे आणि मगच क्रीम मिसळावे. स्टार्चने आधीच दाटपणा आणलेला असल्यामुळे चौघांना शंभर मिलिलिटर भरपूर होते. काही पाककृतींत एवढ्याच प्रमाणाला त्याच्या दुप्पट क्रीम सांगितलेले असते, ते अनावश्यक आहे. क्रीम नसेल तर प्रक्रिया केलेल्या चीजचा एखादा क्यूब किसून घालावा. त्यात चीज एकजीव ठेवणारे इमल्सिफायर क्षार असतात, त्यामुळे ते तेल न सोडता सॉसमध्ये विरघळते. मोझरेलाचे मात्र दोरे होऊन गोळे बसतात, ते पिझ्झ्यासाठीच ठेवावे. लिंबू पिळायचेच असेल तर प्रत्येकाने आपापल्या ताटात पिळावे.

पास्ता विकत घेताना पाकिटावरील घटक वाचण्याची सवय वाचकांना आपण लावावी, असेही मला सुचवावेसे वाटते. ड्युरम गव्हाच्या रव्याचा पास्ता एका पातेल्यात आकार टिकवून शिजतो, कारण या कठीण गव्हातील प्रथिनांचे जाळे स्टार्चला एकदम सुटू देत नाही. आपल्याकडे बन्सी म्हणून ओळखला जातो तो गहू याच जातीचा, त्यामुळे ही काही परकी गोष्ट नव्हे. मैद्याची सुटी मॅकरोनी स्वस्त असते, पण कमी पाण्यात तिची खळ होते. मग दोष पाककृतीला दिला जातो.

कच्च्या चिकनच्या हाताळणीबद्दल पाककृतींत एक ओळही नसते, आणि आपल्या दमट हवेत ती असायलाच हवी. संध्याकाळी स्टेशनबाहेर चिकन घेऊन ते रिक्षाच्या रांगेत आणि भाजी घेताना पिशवीत राहू देणे योग्य नाही. दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये किंवा पातेल्यात गेले पाहिजे, आणि कडक उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. फ्रिजमध्ये ते झाकलेल्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे त्याचे पाणी कोथिंबिरीवर किंवा दुधाच्या पातेल्यावर ठिबकणार नाही. नळाच्या धारेखाली चिकन धुतल्याने जिवाणूंचे शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने याच कारणाने २०१४ मध्ये कच्चे चिकन धुऊ नका अशी मोहीम घेतली होती. आपल्या दुकानांतून ताजे कापून मिळणारे चिकन धुतल्याशिवाय अनेकांचे समाधान होत नाही, हे मी समजू शकतो. त्यांनी ते निदान पसरट भांड्यात, थोड्या पाण्यात, शिंतोडे न उडवता धुवावे आणि नंतर मोरी, सुरी व हात साबणाने स्वच्छ करावेत. उरलेला पास्ताही जेवणे आटोपताच उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो घट्ट झालेला असतो, कारण पास्ता पाणी शोषतच राहतो. दोन-तीन चमचे गरम पाणी घालून मंद आचेवर, अधूनमधून हलवत, सगळीकडून वाफा येईपर्यंत तो गरम करावा.

श्रावणात किंवा शाकाहारी घरांत चिकनच्या जागी बटण मशरूम आणि मक्याचे दाणे घातले तरी हीच रीत चालते. फक्त मशरूमला पाणी सुटते, त्यामुळे पाणी पन्नास-साठ मिलिलिटरने कमी घ्यावे लागते.

आता माझी विनंती. पाककृतींत छापली जाणारी ‘एक वाटी’, ‘थोडेसे पाणी’ आणि ‘अंदाजे’ ही मापे अनुभवी हाताला पुरतात, कारण भाजीत पाणी जास्त झाले तर आटवता येते. एका पातेल्यातील पास्त्यात मात्र पाणी हाच हिशेबाचा मुख्य आकडा असतो. ते जास्त झाले आणि आटवायला गेलो तर पास्ता लगदा होतो. घराघरातील वाटी वेगळी, कुणाची दीडशे मिलिलिटरची तर कुणाची दोनशेची. म्हणून निदान अशा पाककृतींत तरी वजन ग्रॅममध्ये, पाणी मिलिलिटरमध्ये, वेळ मिनिटांत आणि भांड्याचा आकार लिटरमध्ये द्यावा, आणि चिरण्यापासून भांडी विसळण्यापर्यंत एकूण किती वेळ लागतो तोही प्रामाणिकपणे लिहावा. रात्री सिंकमध्ये तीन चिकट पातेली पडली तर ती घासणारे हात बहुतेक घरांत अजूनही बाईचेच असतात, आणि तो वेळ कुठल्याही पाककृतीत धरलेला मला दिसलेला नाही.

सणावारांच्या आणि रविवारच्या खास बेतांबरोबर आठवड्यातून एक जागा कामाच्या दिवसाच्या जेवणाला द्यावी, आणि शक्य झाल्यास ती मंगळवारच्या अंकात असावी, म्हणजे बुधवारी चिकन आणताना यादी हाताशी असेल.

कळावे,

आपला,
एक वाचक,
ऐरोली, नवी मुंबई