ताई, ती पेटी आता खाली आणलीय

ताई, नमस्कार.

तीन दिवस तुम्ही आम्हाला शिकवलं आणि ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी तुमचा सत्कार करायचा होता, शाल-श्रीफळ आणून ठेवलं होतं, पण यवतमाळची गाडी निघून जाईल म्हणून तुम्ही पिशवी खांद्याला लावली आणि निघाल्या. तेव्हापासून ते मनातच राहिलंय. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, "वहीचं काय झालं" म्हणता. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहून राहिले. पांढरकवड्याच्या त्या ट्रेनिंगमधे लेकरांसाठी काम करणाऱ्या आमच्यासारख्या आणखी पाच छोट्या संस्था होत्या, त्यांच्याही वतीनं लिहिलंय असं समजून हे वाचा.

आधी पेटीचं सांगते. आमच्या रिपोर्टमधे सलग दोन वर्षं एक ओळ जशीच्या तशी होती, "तक्रार पेटीत आलेल्या तक्रारी: 0". आणि ते आम्ही चांगलं काम म्हणून लिहायचो, म्हणजे आपल्या गावांत पोरांना काही त्रासच नाही. तुम्ही तो कागद हातात घेतला, चूक आहे असं काही म्हणाल्या नाही, फक्त विचारलं की पेटी कुठं लावलीय. ऑफिसच्या दाराजवळ. किती उंच? आमच्यातल्या एका दादानं हात वर करून दाखवला तर हात त्याच्याच डोक्याच्या वर गेला. मग किल्ली कोणाकडे असते, दुसरीतल्या लेकराला लिहिता येते का, आणि पोडावरचं, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचं, पोरगं घरी कोलामी बोलते तर त्यानं आपल्या मनातलं एवढं जड काही मराठीत कसं लिहून टाकायचं. लाईट गेलेली होती, पंखा बंद, आणि खोलीत कोणीच बोलत नव्हतं. मला रडू आलं ते तुम्ही पाहिलं आणि मला चहा सांगायला बाहेर पाठवलं. ताई, ते मी विसरणार नाही. चारचौघांत लाज वाटू न देता चूक दाखवणं सगळ्यांना जमत नाही.

आता पेटी पाण्याच्या टाकीजवळ आहे, पहिलीतल्या पोराचा हात पोचेल अशी. चिठ्ठीवर चित्रं आहेत, नुसती खूण केली तरी चालते. पण खरं सांगू का, पेटीपेक्षा आमची कोलामी बोलणारी कार्यकर्ती जास्त कामाची निघाली. ती दर शुक्रवारी पोडावर जाऊन बसते, काही विचारत नाही, पोरींसोबत चिंचोके खेळते. पाचव्या का सहाव्या शुक्रवारी एका लेकरानं तिला काहीतरी सांगितलं.

काय सांगितलं ते इथं लिहिणार नाही, कुठंच लिहिलेलं नाही, ते तुम्हीच शिकवलं. एवढंच सांगते की तुम्ही ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी दुपारभर आमच्याकडून जे घोकून घेतलं होतं ते त्या कार्यकर्तीच्या तोंडून तसंच्या तसं आलं, "तू सांगितलंस, बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही." खोदून खोदून प्रश्न नाही, पुन्हा पुन्हा वदवून घेणं नाही. त्याच दिवशी पोलिसांना कळवलं आणि 1098 ला, लेकरांच्या हेल्पलाइनला, पण फोन केला. गावातली दोन-तीन मोठी माणसं संध्याकाळी आली, घरातलं घरात मिटवू म्हणाली, पोरीच्या अब्रूचा विषय आहे म्हणाली. एक वर्ष आधी मी त्यांचं ऐकलं असतं ताई, हे मी देवासमोर सांगू शकते. पण तुम्ही लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराचा जो 2012 चा पॉक्सो कायदा आहे त्यातलं ते कलम 19 आमच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं होतं, माहीत झालं की कळवावंच लागते, आणि नाही कळवलं तर कलम 21 प्रमाणं आपल्यालाच शिक्षा आहे. मी त्यांना हेच सांगितलं, भाऊ मला मिटवायचा अधिकारच नाही. वाद तिथंच संपला. बयाण घ्यायला घरी बाईच अधिकारी आल्या, साध्या कपड्यात, वर्दी नव्हती. कायद्यात तसं लिहिलंय हे माहीत होतं म्हणून आम्ही आधीच फोनवर विचारून ठेवलं होतं. पुढं बाल कल्याण समितीपुढं काय झालं तेही सांगत नाही, पण लेकरू शाळेत येते, आणि हसते.

आमच्या वहीत त्याची नोंद एका ओळीची आहे. नंबर, तारीख, "त्याच दिवशी कळवलं", आणि पुढच्या भेटीच्या तारखा. नाव नाही, गाव नाही.

यावर्षीच्या रिपोर्टमधे त्या शून्याच्या जागी 4 आला. पैसे देणाऱ्यांकडून फोन आला, तुमच्या भागात हे प्रकार वाढले का म्हणून. मी घाबरले नाही, त्यांना सांगितलं की प्रकार वाढले की नाही ते मला या आकड्यावरून सांगता येत नाही, पण पोरं आता बोलून राहिली एवढं नक्की सांगता येते. ते ऐकून ते थोडा वेळ गप्प होते आणि मग म्हणाले हेच वाक्य रिपोर्टमधे टाका.

फोटोचं पण सांगायचं आहे. दोन वर्षांपूर्वी एक बालविवाह थांबवला होता आम्ही, ग्रामसेवक आणि अंगणवाडीच्या ताई सोबत होत्या, आणि त्या आनंदात फेसबुकवर फोटो टाकला, मधे ती पोरगी, खाली पूर्ण नाव. लाईक खूप आले. जिचं लग्न लावायला निघाले ती पोरगी म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणं तिची ओळख उघड करता येत नाही, हे आम्हाला कुठं माहीत होतं. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ बसून माझ्याच मोबाईलवरून जुने फोटो एकेक करून काढायला लावले, शंभराच्या वर असतील, तुमचं जेवण थंड झालं. नंतर मी त्या पोरीच्या घरी जाऊन माफी मागितली. तिनं सांगितलं की शाळेत तिला पोट्टे नवरी म्हणायचे.

आणि तो सरकीचा दिवस! लॉगफ्रेम, इंडिकेटर, बेसलाइन हे काम मोजायचे शब्द ऐकून आमच्या अर्ध्या लोकांच्या पोटात गोळा यायचा, कारण आधीच्या एका ट्रेनिंगमधे दोन दिवस नुसते इंग्रजी स्लाइड पाहून आलो होतो आणि कोणाला काही समजलं नव्हतं. तुम्ही म्हणाल्या, कास्तकाराला कोणी विचारते का की बियाण्याच्या थैल्या किती लावल्या? एकरी किती क्विंटल झाला ते विचारते. मग आपण काहून लिहितो, 12 जनजागृती कार्यक्रम घेतले, 300 पॅम्फ्लेट वाटले? ही तर थैल्यांचीच मोजणी झाली. आमचे एक वयस्कर दादा, सातवी शिकलेले, ते उठून म्हणाले "अरे मंग हे तं मले येतेच". तेव्हापासून आमच्याकडे आउटकम हा शब्द कोणी वापरत नाही, "क्विंटल किती" असं विचारतो.

त्याच संध्याकाळी पोडावर गेलो. तुम्ही अंगणात बारा घरं आखली, एका महिन्याचं एक, आणि बायांना मूठ मूठ सरकी दिली, लेकरं शाळेत नसतात त्या महिन्यावर ठेवा म्हणाल्या. आधी सगळ्या लाजत होत्या, मग एका आजीनं पदर खोचला आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या घरात अख्खी मूठ रिकामी केली. सीतादही, म्हणजे कापूस वेचायच्या आधीची शेतातली पूजा, झाली की वेचणी सुरू, वेचाई किलोवर मिळते, दोन हात जास्त असले तर तेवढाच पैसा. मग तूर, मग चणा. आजी सांगत होती आणि मला आमची बेसलाइन, म्हणजे काम सुरू करतानाची हजेरीची मोजणी, आठवून राहिली होती, ती आम्ही जुलैत केली होती. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा नवीन पुस्तकं, नवीन ड्रेस, वर्ग भरलेले असतात. आम्ही हजेरी जुलैची घेतली आणि काम कापसाच्या सीझनमधे केलं आणि आकडा पडला की कार्यकर्त्यांना बोलणी बसायची. बिचारे. त्यांची मी त्या रात्री माफी मागितली, तिथंच शेताच्या धुऱ्यावर उभी राहून.

निघताना तुम्ही एका पोरीचा हात हातात घेऊन पाहिला. नखाच्या बाजूनं बोटं ओरबाडलेली, बोंडाच्या टोकानं होतात तशी, ताजी. आणि आमच्या अभ्यासिकेच्या हजेरीपटावर त्या हप्त्यात तिची रोज हजेरी होती. तुम्ही कोणाला रागावल्या नाही. आम्हीच घरी आल्यावर हजेरीपट काढून बसलो, आणि जिथं शंका आली तिथं लाल पेननं गोल केले. खूप गोल झाले ताई.

बसचं आता थोडक्यात सांगते, कारण ते काम अजून चालू आहे. पोरी सातवीनंतर शाळा सोडतात याचं कारण आम्ही "पालकांमध्ये जागृतीचा अभाव" असं लिहायचो, दरवर्षी, कॉपी-पेस्ट. तुम्ही म्हणाल्या कारण आपण ठरवायचं नाही, पोरींना विचारायचं. पोरी म्हणाल्या बस. संध्याकाळची बस कधी येते कधी नाही, अंधार पडला की घरचे बोलतात, आणि दोन-चारदा असं झालं की बाप म्हणते बस झालं शिक्षण, आणि एकदा का पोरगी घरी बसली की मग फेब्रुवारीत कोणीतरी स्थळ घेऊन येते. 2006 च्या बालविवाहाच्या कायद्यात लग्नासाठी मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21 आहे हे गावात सगळ्यांना पाठ आहे, भिंतीवर आम्हीच रंगवलंय. पण आम्हाला लग्न कळायचं ते पत्रिका छापल्यावर, मांडव पडल्यावर. आता ग्राम बाल संरक्षण समितीच्या बैठकीत आम्ही पहिला प्रश्न हाच ठेवलाय, या महिन्यात कोणती पोरगी शाळेत जायची थांबली. सरपंच मॅडमना हे एवढं पटलं की त्या स्वतःच विचारतात.

स्टॉपवर पानठेला आहे ना, तिथल्या काकूंना एक वही दिली. बस आली की टाइम लिहितात, नाही आली की फुली मारतात. दोन महिन्यांची वही घेऊन आठ पोरी आणि त्यांच्या माया डेपोत गेल्या, आम्ही मागं उभे होतो, बोललो नाही. साहेबांनी वही उलटून पाहिली, फुल्या मोजल्या, आणि पुढच्या सोमवारपासून गाडी लागली. तीन पोरी परत शाळेत जाऊन राहिल्या. दोघी नाही येणार म्हणाल्या, त्यांच्या घरी आम्ही जात असतो.

हे सगळं तुम्ही केलं असं मी म्हटलं तर तुम्ही रागवाल, माहीत आहे. पण ताई, आमच्यासारख्या तालुक्यातल्या संस्थेकडे कोण येते हो तीन-तीन दिवस? ऑनलाइन लिंक पाठवतात, नेट चालत नाही. तुम्ही उन्हात पोडापर्यंत पायी आल्या, आमच्या कार्यकर्त्यांना तुम्ही-आम्ही करून बोलल्या, त्यांच्या वह्या वाचल्या, अक्षरसुद्धा लागत नव्हतं त्या वाचल्या. एक पोरगा मला म्हणाला, माझी वही पहिल्यांदा कोणीतरी शेवटपर्यंत वाचली. तो आता सगळ्यात चांगली नोंद ठेवते. मनापासून, अगदी मनापासून आभार.

पुढचा आढावा आम्ही मुद्दाम डिसेंबरात ठेवलाय, वेचणी जोरात असते तेव्हाच. तुम्ही या. शाल अजून कपाटात आहे, घडी मोडलेली नाही. परतीची बस सव्वापाचला आहे, आणि आता ती येते, काकूंच्या वहीत पाहून सांगते.

तुमची,
झरी जामणी तालुक्यातली एक कार्यकर्ती