एकाच की-बोर्डवर वेगवेगळ्या कळा

संपादक, सप्रेम नमस्कार.

मला दिसत नाही, सगळं काम स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतं. घरी एनव्हीडीए, कारण फुकट आहे. ऑफिसात जॉज, ते विकतचं, लायसन्स नसेल तर चाळीस मिनिटांनी बंद पडतं आणि कॉम्प्युटर परत सुरू करावा लागतो. आता गंमत बघा, हेडिंगवर उडी मारायला दोन्हीकडे एच, पण लिंकसाठी एनव्हीडीएमध्ये के दाबायची सवय लागलेली आणि जॉजमध्ये तीच के आपण ठेवलेल्या खुणा शोधायला जाते! पानाचे मुख्य भाग गाठायला एनव्हीडीएमध्ये डी, जॉजमध्ये आर. विंडोजच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरमध्ये, नॅरेटरमध्ये, आधी कॅप्स लॉक आणि स्पेस दाबून स्कॅन मोड (अशा कळांनी पान चाळायची सोय) चालू पाहिजे, मग पुढचं. बोटं पार गोंधळतात हो.

पण कळा शिकता येतात, ते आमचं आम्ही बघू. खरा वैताग वेबसाईटवाल्यांचा. परवा एक सरकारी फॉर्म भरत होतो, सगळं भरलं आणि शेवटी कानात नुसतं 'बटण, बटण, बटण'. तिघांना नावंच नाहीत, सबमिट कुठलं कसं कळणार? अंदाजाने मधलं दाबलं, तर अख्खा फॉर्म पुसला गेला. दुसऱ्या स्क्रीन रीडरने बघितलं, तिथेही तेच. बटणाला नाव द्यायला कोडची एक ओळ पुरते, आणि टेस्टिंग करणाऱ्यांनी एकदा माउस काढून ठेवून नुसत्या की-बोर्डवर, टॅबची कळ दाबत आपला फॉर्म भरून बघावा की.

– एक वाचक, सांगली