शाळेचा फोन आईलाच का?

महोदय,

नोकरी करणाऱ्या बाईचं कौतुक करताना 'तारेवरची कसरत' हमखास येते. कसरत म्हटली की टाळ्या वाजवून बघणारे मोकळे! तार कोणी बांधली, हे कोणी विचारत नाही.

मुलीच्या शाळेच्या अर्जावर पहिला नंबर तिच्या बाबांचा आहे. तरी तिला ताप आला की फोन मलाच. गेल्या महिन्यात मीटिंगमधून बाहेर आले तर तीन मिस्ड कॉल. बाबा त्या दिवशी घरूनच काम करत होते. त्यांना एकही नाही. शाळेत विचारलं, तर म्हणाले, 'आईला सांगितलेलं बरं, असं वाटलं.' हेतू वाईट नव्हता, अडचण तीच आहे. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार, जगभरात बिनपगारी घरकाम आणि देखभालीचे ७६.२ टक्के तास बायकांच्या वाट्याला येतात. अर्थशास्त्राचं २०२३ चं नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिलं, की श्रीमंत देशांत स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत आता मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर रुंदावते. शिक्षण तेच, काम तेच.

मुलाखतीत मला 'मुलीला कोण सांभाळतं?' असं विचारलं गेलंय. नवऱ्याला आजवर एकदाही नाही. उलट 'तो घरात मदत करतो हं' म्हणून त्याचं कौतुक. (स्वतःच्याच घरात मदत कसली?)

नव्या अर्जावर मी माझ्या नंबरापुढे ठळक अक्षरांत लिहिलंय : 'आधी वडिलांना फोन करावा.'

– एक वाचक